एकांत, बहिष्कार आणि आशा

एकांत माणूस स्वतः निवडतो. बहिष्कार त्याच्यावर लादला जातो. एकांताचे गोडवे गाणाऱ्या वाङ्मयाने गावकुसाबाहेरच्या बहिष्काराची दखल क्वचितच घेतली. म्हणून एकाकीपणातील आशेविषयीचे कोणतेही पुस्तक वाचताना आपण प्रथम विचारले पाहिजे : हे एकाकीपण कोणाचे, आणि ते कोणी लादले? डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाचे १९३९ साली प्रसिद्ध झालेले 'सामूहिक जीवन' (मूळ नाव 'गेमाइन्झामेस लेबेन') या प्रश्नाला सामोरे जाऊ शकते काय, हे येथे तपासायचे आहे.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. ज्यू वंशाच्या माणसांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्यात आले आणि त्याच वर्षी प्रशियाच्या चर्चने तोच नियम आपल्या पाळकांना लावला. म्हणजे बाप्तिस्मा झाला तरी जन्म सुटेना! बोनहोफर यांनी याला विरोध केला. सत्तेपुढे न वाकलेल्या चर्चसाठी त्यांनी १९३५ पासून फिंकेनवाल्ड येथे पाळकांचे विद्यालय चालविले. १९३७ मध्ये गेस्टापोने ते बंद पाडले. पांगलेल्या त्या सहवासातून हे पुस्तक निर्माण झाले.

पुस्तकाचे सूत्र असे : ज्याला एकटे राहता येत नाही त्याने मंडळीपासून सावध असावे, आणि ज्याला मंडळीत राहता येत नाही त्याने एकटेपणापासून. सहवास हा गृहीत धरण्याचा हक्क नव्हे, ती देवाची कृपा आहे. 'कृपा' हा शब्द दलित वाचकाला खटकणारच. पाणवठ्यावर वरून ओतलेले पाणी ही कृपाच मानली जात होती. आपला लढा तर हक्काचा आहे. पण बोनहोफर यांचा विचार शेवटपर्यंत नेला तर निराळेच निष्पन्न होते. मंडळी जर कोणाची मालमत्ताच नसेल, तर तिचे दार बंद करण्याचा अधिकारही कोणाला उरत नाही. दुर्बळाला बाहेर काढणे म्हणजे ख्रिस्तालाच बाहेर काढणे, असे ते सुचवितात. पुस्तकाचे खरे बळ येथे आहे.

हे बळ केवळ जर्मन विद्यापीठातून आलेले नाही. १९३० साली बोनहोफर न्यूयॉर्कला शिकायला गेले. एका काळ्या विद्यार्थिमित्रामुळे हार्लेममधील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चशी त्यांचा संबंध आला. तेथे त्यांनी मुलांना शिकविले. काळ्यांच्या भक्तिगीतांच्या तबकड्या त्यांनी मायदेशी नेल्या आणि पुढे फिंकेनवाल्डच्या विद्यार्थ्यांना ऐकविल्या. वर्णद्वेषाने वेगळ्या पाडलेल्या वस्तीतील आशा अशी प्राध्यापकाच्या मुलापर्यंत पोहोचली. बहिष्कृतांनी दिले आणि प्रतिष्ठिताने घेतले, हे समीक्षेने नोंदविलेच पाहिजे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. फिंकेनवाल्डची मंडळी सुशिक्षित तरुण पुरुषांची होती. एप्रिल १९४३ मध्ये बोनहोफर यांना अटक झाली. आईच्या नात्यातील एक सेनाधिकारी बर्लिनचा लष्करी कमांडंट आहे, हे कळताच टेगेल तुरुंगातील त्यांची वागणूक सुधारली. कोठडीतही वर्ग सुटत नाही! तथापि, आपण इतिहास खालून, टाकलेल्यांच्या आणि छळलेल्यांच्या बाजूने पाहायला शिकलो, असे त्यांनी अटकेच्या सुमारासच लिहून ठेवले होते. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फ्लोसेनबर्ग येथे फाशी देण्यात आली. ती जाणीव त्यांनी प्राणाने चुकती केली.

आता आपल्याकडे वळू. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परखड लिहिले : धर्म बदलला तरी जात सुटली नाही, आणि अन्यायाविरुद्ध संघटित होण्याची वृत्तीही या धर्मांतरितांत निर्माण झाली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शिखांचा, १९९० साली बौद्धांचा समावेश झाला, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. सरकारच्या लेखी ते दलित नव्हेत. पण तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत मृतांमध्येही जातीची भिंत उभी राहिली. प्रशियाच्या चर्चचा नियम आणि ही भिंत एकाच जातीची आहे.

म्हणून या पुस्तकाकडे सांत्वनाचा ग्रंथ म्हणून पाहू नये. बहिष्कृताला एकांतात टिकण्याचे धडे त्याने द्यावेत, ही अपेक्षाच चुकीची. तो पिढ्यान्पिढ्या टिकून आहे. ज्यांच्या हातात मंडळीच्या दाराची किल्ली आहे, त्यांनी ते वाचावे. भिंत पडल्याशिवाय प्रभुभोजनाचा अर्थ कळणार नाही, आणि तोपर्यंत आशा हा शब्द उच्चारण्याचा नैतिक अधिकार भिंतीबाहेरच्यांचाच राहील.