धावत्या समालोचनातील वाक्स्खलन आणि हास्य

ध्वनिक्षेपकासमोर बोलणाऱ्याची जीभ अडखळली म्हणजे श्रोता हसतो आणि अभ्यासक ती गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देतो. वस्तुतः भाषाशास्त्राने वाक्स्खलन कधीच किरकोळ मानलेले नाही. मेरिंगर आणि मायर यांनी १८९५ साली जर्मन भाषेतील बोलण्याच्या चुकांचा संग्रह प्रसिद्ध केला, व्हिक्टोरिया फ्रॉम्किन यांनी १९७१ मध्ये त्याच वाटेने जाऊन ध्वनी, प्रत्यय आणि शब्द हे घटक वक्त्याच्या मनात खरोखरच वेगळे असतात, हे चुकांवरूनच दाखवून दिले, आणि अर्व्हिंग गॉफमन यांनी १९८१ साली तर केवळ नभोवाणीवरील बोलण्याला आणि त्यातील चुकांना एक दीर्घ निबंध वाहिला. गॉफमन यांचा एक भेद येथे विशेष उपयोगाचा आहे. बोलणाऱ्याला बरोबर रूप ठाऊक असते आणि तरीही चूक घडते, ते स्खलन होय. बोलणाऱ्याला आपण चुकलो हे ठाऊकच नसते आणि ऐकणारा मात्र हसत असतो, ती गोष्ट निराळी. पहिल्या प्रकारात वक्ता स्वतःच थांबतो व दुरुस्ती करतो; दुसऱ्यात दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. हा भेद मराठी क्रीडा-समालोचनाला लावून पाहिला, तर चूक म्हणून ज्याला हसले जाते त्यातील बराच भाग चूकच नसतो, असे आढळून येते.

या पाहणीसाठी सोनई हे गाव सोयीचे आहे. नेवासे तालुक्यातील या गावात क्रीडेची दोन प्रकारची भाषा एकाच कानावर पडत आली. एक आकाशवाणीवरील क्रिकेटची, दुसरी यात्रेतील कुस्त्यांच्या हगाम्यात कर्ण्यातून येणारी. पहिली घरात बसून किंवा साखर कारखान्याच्या वाटेवर ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकावयाची, दुसरी आखाड्याभोवती दाटीवाटीने बसून. एक प्रमाण मराठी, दुसरी प्रमाण मराठीकडे झुकू पाहणारी बोली. ज्या तालुक्यात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथील श्रोत्याला मराठी ऐकण्याची सवय नाही असे कोणी म्हणणार नाही.

प्रथम क्रिकेटचा विचार करू. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९८३ साली इंग्रजी क्रीडा-निवेदनाच्या वाक्यरचनेचा अभ्यास केला. क्रियापद वा स्थानवाचक शब्द आधी आणि कर्ता मागाहून, ही तेथील एक ठळक लकब होय. तिचा फायदा उघड आहे : खेळाडू नेमका कोण हे ओळखेपर्यंत निवेदकाला क्षण-दोन क्षण मिळतात. मराठीत क्रियापद स्वभावतः शेवटी येते. तेव्हा घटना आधी आणि क्रियापद नंतर अशी घाई समालोचकाच्या मागे लागते. यातून सुटण्यासाठी तोही क्रियापद पुढे आणतो : ‘पुढे सरसावला आहे... आणि टोलवला आहे चेंडू’. परंतु इंग्रजीत नसलेली एक अडचण येथे आडवी येते. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. धाव घेतली, झेल घेतला, षटक टाकले. क्रियापद आधी उच्चारावयाचे तर कर्माचे लिंग आधीच ठरवावे लागते, आणि कर्म तर अजून हवेत असते!

नमुन्यादाखल एक वाक्य रचून पाहावे (या लेखातील मराठी वाक्ये अशीच रचलेली आहेत, कोणा एका समालोचकाची नव्हेत) : ‘आणि घेतली... घेतला आहे झेल!’ येथे ‘घेतली’ मधील ईकार व्याकरणदृष्ट्या चूक आहे. परंतु तो काय सांगतो? समालोचकाच्या मनात धाव पूर्ण झाली होती. फलंदाजाने फटका मारला, चेंडू मोकळ्या जागी जाणार, एक धाव निघणार, इतके त्याने मनाशी ठरवून टाकले होते आणि तेवढ्यात क्षेत्ररक्षक आडवा आला. म्हणजे एका स्वरात होऊ घातलेली घटना आणि पुढच्याच स्वरात घडलेली घटना, अशा दोन्ही श्रोत्याला ऐकू येतात. सामना न पाहणाऱ्या श्रोत्याच्या दृष्टीने हे वर्णन निर्दोष वाक्यापेक्षा अधिक भरीव आहे. येथे येणारे हसू समालोचकाला हसणारे नसते. आपणही तीच धाव मनात धरली होती, अशी ती कबुली असते. असली चूक ऐकून समालोचकाच्या व्याकरणज्ञानाविषयी शंका घेणे म्हणजे धावणाऱ्याच्या चालीत तोल नाही म्हणून तक्रार करणे होय.

महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचन रूढ केले, तेव्हा या वेगाशी जुळणारी शब्दसंपत्ती श्रोत्याच्या कानी बसविण्याचे कामही त्यांच्याकडे आले. यष्टी, षटक, चौकार, पायचीत, यष्टिचीत हे शब्द आज शेताच्या बांधावर सहज उच्चारले जातात, ते वर्तमानपत्राइतकेच समालोचनामुळे. (‘गोलंदाज’ हा मूळचा तोफखान्यातील शब्द, त्याच्या धर्तीवर ‘फलंदाज’ घडला आणि तो आता मुळापेक्षा अधिक घरगुती वाटतो.) या शब्दांविषयी एकच गोष्ट नोंदवावी. ते आखूड आहेत. पदनाम कोशांतील पुष्कळसे पारिभाषिक शब्द कागदावर टिकतात आणि तोंडात मोडतात. क्रिकेटचे शब्द तोंडात टिकले, कारण चेंडू सीमेपर्यंत पोचण्याच्या आत ते उच्चारून संपतात.

स्खलनानंतर समालोचक काय करतो, यावर त्याची खरी पारख होते. याचे जगभर ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे ९ ऑगस्ट १९९१ रोजी ओव्हल मैदानावरून झालेले बीबीसीचे प्रक्षेपण. अँब्रोजच्या चेंडूवर तोल गेलेला बोथम यष्टींवरून पाय उचलून पलीकडे जाऊ पाहत होता. पाय लागला आणि तो स्वयंचित झाला. दिवसाचा आढावा घेताना जोनाथन ॲग्न्यू यांनी या फसलेल्या प्रयत्नाचे वर्णन अशा शब्दांत केले, की इंग्रजीत त्याचा एक चावट अर्थही होतो. शेजारी बसलेले एकोणऐंशी वर्षांचे ब्रायन जॉन्स्टन यांनी काही क्षण नेटाने धावफलक पुढे वाचला आणि मग त्यांना हसू अनावर झाले. ते शब्द अनवधानाने आले की योजून, हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्व आहे ते जॉन्स्टन यांनी वाचत राहण्याच्या केलेल्या धडपडीला. समालोचकाची भूमिका आणि माणूस यांची ओढाताण श्रोत्याला प्रत्यक्ष ऐकू आली, आणि विनोद तिच्यात आहे. केवळ शब्दश्लेष असता तर तो दुसऱ्या दिवशीच शिळा झाला असता.

हगाम्यातील निवेदनात ही ओढाताण अपवादाने नव्हे, नियमाने असते. कारण तेथे एकाच तोंडाला दोन कामे करावी लागतात. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत आखाड्यात काय चालले आहे हे सांगावयाचे, आणि त्याच वेळी इनाम देणाऱ्यांची व फेटा बांधून घेणाऱ्या पाहुण्यांची नावेही पुकारावयाची. कोथळीचे शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी कुस्तीच्या वर्णनाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती हे दुहेरी ओझे सांभाळूनच. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलंगी ही डावांची नावे आखाड्यातूनच आलेली असल्याने निवेदकाला शब्द शोधावा लागत नाही. अडचण असते ती आदरार्थी वचनाची. पैलवान एकवचनी : ‘आला, बसला, उठला’. वस्ताद, पंच आणि देणगीदार बहुवचनी : ‘आले, बसले, उठले’. दोन्ही एका श्वासात आले की सांधा निसटतो. ‘अण्णांच्या वतीने पाचशे एक रुपये इनाम, अण्णा आपल्यामध्ये... चितपट!’ हे वाक्य उच्चारले गेले की सारा आखाडा हसतो, आणि अण्णा हसतात की नाही इकडे सर्वांचे डोळे लागतात.

येथे खरोखरच काही पणाला लागलेले असते. गावातील मानपानाची उतरंड निवेदकाच्या क्रियापदांवर उभी असते आणि एका प्रत्ययाने ती क्षणभर कोसळते. चांगला निवेदक क्षमा मागत बसत नाही. ‘अण्णा उभेच आहेत, पैलवान गेला!’ एवढे तो म्हणतो. अण्णांचे बहुवचन आणि पैलवानाचे एकवचन पुन्हा आपापल्या जागी बसते, आणि हशा मात्र वाया जात नाही. दुरुस्तीलाच विनोदाचे रूप देण्याचे हे कसब ओव्हलच्या प्रसंगापेक्षा कमी दर्जाचे आहे असे म्हणण्यास आधार नाही. किंबहुना येथे हसणारे श्रोते निवेदकासमोर बसलेले असतात, म्हणून जोखीम अधिक.

सकाळच्या खाजगी एफएम कार्यक्रमांत क्रीडाविषयक गप्पांचा जो भाग असतो, त्याचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर करावे लागते. २००१ पासून देशात खाजगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या. २०११ च्या धोरणाने त्यांना क्रीडाविषयक माहिती देण्याची मुभा मिळाली, पण स्थानिक स्वरूपाचे सामने वगळता थेट समालोचनाची नाही. याचा भाषिक परिणाम फारसा लक्षात घेतला गेलेला नाही. निवेदकासमोर सामना नसतो, कालचा निकाल असतो. घटना त्याच्या वाक्याला मागे टाकू शकत नाही. सबब घटनेच्या वेगातून उपजणारे स्खलन त्याच्या वाट्याला येतच नाही, आणि हशा तर हवा असतो. मग चूक घडवावी लागते : मुद्दाम चुकीचे नाव घेणे, ठरवून अडखळणे, आणि सर्वांत सोपा उपाय म्हणून ग्रामीण पात्र उभे करून त्याच्या तोंडी ‘पानी’, ‘कोन’, ‘आनि’ घालणे. यातील पहिल्या दोन गोष्टी नीरस आहेत, एवढाच त्यांचा दोष. तिसरी शास्त्रीयदृष्ट्या चुकीची आहे.

सोनईच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात मूर्धन्य ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो, तो नियमाने येतो. पुन्हा विचारले तरी तो ‘पानी’च म्हणेल, कारण दुरुस्त करण्याजोगे काही घडलेले नाही. गॉफमन यांच्या कसोटीने हे स्खलन नव्हे. बरोबर रूप माहीत नाही म्हणून घडलेली चूक म्हणावे, तर तेही नाही. बोलीचे बरोबर रूप हेच आहे. त्याला हसणारा निवेदक वाक्स्खलनाला हसत नसून श्रोत्याच्या घरातील भाषेला हसत असतो.

या हसण्यातूनच पुढे खरी चूक जन्माला येते. विल्यम लबाव यांनी १९६६ साली न्यूयॉर्कच्या इंग्रजीच्या पाहणीत दाखविले, की भाषिक प्रतिष्ठेविषयी सर्वांत अधिक धास्ती बाळगणारा वर्ग औपचारिक बोलताना प्रतिष्ठित रूपाचा वापर वरच्या वर्गापेक्षाही जास्त करतो. ध्वनिक्षेपक हाती आलेला ग्रामीण निवेदक हेच करतो. आपला ‘न’ हास्यास्पद आहे हे त्याच्या मनावर बिंबलेले असते. म्हणून तो शक्य तेथे ‘ण’ पेरतो, आणि ‘मैदान’ चे ‘मैदाण’, ‘पैलवान’ चे ‘पैलवाण’ होते. हे रूप ना प्रमाण भाषेत आहे ना बोलीत. कोणाच्याही आजीने ते कधी उच्चारलेले नाही. त्यावर शहरी श्रोता पुन्हा हसतो आणि आपले पहिले हसणे रास्त होते असे समजतो. वाक्स्खलनांच्या संग्रहात ‘मैदाण’ ची नोंद अवश्य व्हावी. मात्र ती केवळ निवेदकाच्या नावावर घालणे अपुरे होईल.

कुस्तीच्या निवेदनात या ‘ण’ ची चाल मोठी बोलकी असते. प्रास्ताविकात, पाहुण्यांच्या स्वागतात, देणगीदारांच्या यादीत तो दाट असतो. दुपार कलते, जोडी मोठ्या होत जातात, हलगीचा ठेका वाढतो, तसतसा तो विरळ होऊ लागतो. शेवटच्या कुस्तीत पट निघाला, पैलवान हवेत उचलला गेला की निवेदकाचे लक्ष स्वतःच्या जिभेवर राहत नाही. ‘कोन जिंकलं, कोन जिंकलं’ असे तो कर्ण्यातून ओरडतो, आणि ते ऐकून आखाड्याभोवती बसलेल्यांपैकी कोणीच हसत नाही.