टाळ्यांच्या आधीचा डाव

१९७२ साली रेक्याविकला झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला सहावा डाव आपण बहुतेकांनी शेवटाकडून पाहिलेला असतो. फिशर हत्ती देऊन एफ६ वरचा घोडा मारतो, तीन चालींनी स्पास्की डाव सोडतो आणि हरलेला माणूसच प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवतो. या टाळ्यांनी डावाच्या अभ्यासाचं नुकसान केलं, असं आम्हाला वाटतं.

फिशर जवळजवळ नेहमी राजापुढचं प्यादं हलवून सुरुवात करायचा. इथे त्यानं सी४ केलं, आणि तिसऱ्या चालीला डाव क्वीन्स गॅम्बिटमध्ये आला. सातव्या चालीला बी६ करून स्पास्कीनं टार्टाकोव्हर बचाव घेतला. म्हणजे हे तर त्याचंच अंगण! मग अडखळला कोण?

चौदावी चाल बघा. फिशरचा उंट बी५ वर येतो. ए३ वरच्या वजिरामुळे काळ्याचं सी५ चं प्यादं जखडलेलं आहे. ते हललं तर ई७ वरचा वजीर जातो. स्पास्कीनं ए६ केलं. पण उंट मारता येतच नाही, कारण ए-पट्टी उघडली की कोपऱ्यातला हत्ती गेला. शेवटी हत्तीलाच ए७ वर सरकावं लागलं.

आता गंमत ऐका. हीच उंटाची चाल फुरमाननं १९७० मध्ये गेलरविरुद्ध खेळली होती. आणि रेक्याविकला स्पास्कीचा सहायक कोण? गेलर! पुढच्याच वर्षी हिल्व्हरसमला टिमननं तीच चाल केली, तेव्हा गेलरनं वजीर बी७ वर नेला. प्यादं मोकळं झालं, बी-पट्टी उघडताच वजिराची नजर उंटावर. गेलर जिंकला.

फिशरचं श्रेय यानं कमी होत नाही. विसाव्या चालीला स्पास्कीनं डी४ करून सी४ चं घर आंदण दिल्यावर फिशरनं उंटाचं जे केलं, ते कुठल्याही ओपनिंगच्या पुस्तकात नव्हतं. आमची तक्रार आहे ती पहिल्या तेरा चाली ‘पुस्तकातल्या’ म्हणून उडवून लावणाऱ्या समीक्षेशी. तिला चौदाव्या चालीचा प्रश्न दिसतच नाही.

घरी पट मांडा. चौदाव्या चालीला थांबून काळा वजीर बी७ वर ठेवा आणि दोन्ही बाजूंनी खेळून बघा. इंजिन तेवढा वेळ बंद ठेवा.