श्रमबोधाचे माप आणि त्याची भाषा

सरावाचा भार खेळाडूच्या श्रमबोधावरून मोजण्याची पद्धती स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी रूढ केली. त्यांची मूळ श्रेणी ६ ते २० अशी असून निरोगी तरुणाच्या नाडीच्या ठोक्यांचा सुमारे दशांश तीत अभिप्रेत होता. पुढे कार्ल फॉस्टर व त्यांचे सहकारी यांनी २००१ च्या निबंधात सत्राची मिनिटे आणि ० ते १० मधील गुण यांचा गुणाकार हाच भार मानला.

ही पद्धती यंत्रावाचून चालते. जिल्ह्याच्या मैदानावर हा गुण लहान नव्हे. तथापि ६० मिनिटे व ५ गुण यांचे ३०० होतात, तसेच १५० मिनिटे व २ गुण यांचेही होतात. हे दोन भार शरीरास सारखे नसतात.

अधिक गंभीर आक्षेप प्रश्नाच्या शब्दांविषयी आहे. बुलढाण्याचे धनुर्धर प्रथमेश जावकर यांनी २०२३ साली शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत माइक श्लोसर यांना हरवून कंपाउंड प्रकारात सुवर्णपदक मिळविले. या प्रकारात लक्ष्य ५० मीटरांवर असते. ताण मुख्यतः खांदे, पाठ व अवधान यांवर पडतो. अशा खेळाडूस ‘दम किती लागला?’ असे विचारल्यास उत्तर खरे, पण माप खोटे ठरेल. ‘थकवा’ हा शब्द तर श्रमाचा परिणाम सांगतो, श्रमाची तीव्रता नव्हे.

म्हणून श्वास, स्नायू व अवधान यांचे गुण पृथक् घ्यावेत आणि सोडलेल्या बाणांची संख्याही सोबत नोंदवावी. मराठी प्रश्नाचे शब्द निश्चित झाल्यावाचून दोन मैदानांवरील आकड्यांची तुलना करणे शास्त्रीय ठरणार नाही.