बिडालव्रत आणि मांजराचें वळण

मांजराला वळण लावण्याविषयीं कोणी ग्रंथ लिहावा आणि वाङ्मयाच्या मासिकानें त्याची दखल घ्यावी, हें कांहीं वाचकांस थट्टेचें वाटण्याचा संभव आहे. परंतु मांजराविषयींची आमची समजूत निरीक्षणापेक्षां वाङ्मयानेंच अधिक घडविली आहे; आणि जॉन ब्रॅडशॉ व सारा एलिस यांचें 'द ट्रेनेबल कॅट' हें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी पुस्तक त्या समजुतीचें मूळच उखडून काढतें. पुस्तक घरगुती उपयोगाचें आहे, भाषा साधी आहे, आणि पुनरुक्तीहि बरीच आहे. तरी त्यांतील विचार दुर्लक्षिण्याजोगा नाहीं.

आमच्या परंपरेंत मांजर हें ढोंगाचें प्रतीक होऊन बसलें आहे. उद्योगपर्वांत दुर्योधन उलूकाबरोबर जो निरोप धाडतो, त्यांत गंगातीरीं हात वर करून तप करणारा आणि विश्वासानें जवळ आलेले उंदीर गट्ट करणारा बोका येतो. युधिष्ठिराची धर्मनिष्ठा तसलीच, हा त्यांतला टोमणा. मनुस्मृतीनें तर चौथ्या अध्यायांत दांभिकाला 'बैडालव्रतिक' अशी संज्ञाच देऊन टाकली. हितोपदेशांतला दीर्घकर्ण धर्माच्या गोष्टी सांगून गिधाडाच्या ढोलीपाशीं बस्तान बसवितो आणि पांखरांचीं पिलें फस्त करतो. महाबलीपुरम् येथील सातव्या शतकांतल्या विख्यात शिल्पपटावर हात उंचावून उभें असलेलें तपस्वी मांजर आजहि पाहावयास मिळतें. डोळे मिटून दूध पिणारें मांजर तर प्रत्येक मराठी माणसाच्या जिभेवरच आहे. या सर्वांच्या बुडाशीं गृहीत एकच: मांजराला बरें-वाईट कळतें, आणि कळूनहि तें चोरून वागतें.

घरोघरचा अनुभव या गृहीताला पुष्टि देतो असें दिसतें. घरधनीण समोर असतांना मांजर ओट्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. तिची पाठ वळतांच पातेल्यावरचें झांकण सरकतें. बाई म्हणते, 'लबाड आहे मेलें!' आतां या दोन लेखकांच्या विवेचनाच्या प्रकाशांत हाच प्रसंग पाहावा. कृति आणि तिचें फळ यांत क्षणभराहून अधिक अंतर पडलें तर मांजर त्या दोहोंची सांगड घालूं शकत नाहीं. दूध पिऊन झाल्यावर पाठींत रट्टा बसला, तर तो रट्टा दुधाशीं जोडला जात नाहीं. तो जोडला जातो मारणाऱ्या हाताशीं. मांजर एवढेंच शिकतें कीं, ही बाई आली म्हणजे मार बसतो. मग बाई नसतांना भय कशाचें? यांत ढोंग नाहीं, कारण ढोंगाला लागणारा धर्माधर्मविवेकच येथें नाहीं. ज्याला आम्ही शतकानुशतकें बिडालव्रत म्हणत आलों, तें काठीच्या पोटीं जन्मलेलें असतें.

मांजराचा पूर्वज आफ्रिकेंतला एकलकोंडा रानमांजर. कुत्र्याचा पूर्वज कळपानें राहणारा. सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं धान्याच्या कोठारांतील उंदरांमागें मांजर माणसाजवळ आलें, आणि त्या कामासाठीं त्याला आज्ञा पाळण्याची गरज कधीं पडली नाहीं. म्हणून धाकाची भाषा त्याला लागूं पडत नाहीं. सौम्य क्रमानें दिलेला घास लागूं पडतो. वैद्याकडे नेण्याची पेटी घ्या. ऐन वेळीं पकडून कोंबलें तर मांजर पुढच्या खेपेस पेटी पाहूनच पलंगाखालीं दडतें. त्याऐवजीं ती कित्येक दिवस उघडी ठेवावी, आंत त्याचें रोजचें अंथरूण घालावें, तें आपणहून आंत गेलें कीं खाऊ द्यावा, आणि तें निवांत बसूं लागल्यावरच दार क्षणभर लावावें. नखांचेंहि तसेंच. खरवडण्यानें नखांवरचें जुनें कवच गळतें, आणि स्वतःची खूण व गंध मागें राहतो. ही गरज मारून जात नाहीं. अंग ताणतां येईल एवढा उंच, न हालणारा, दोरी गुंडाळलेला खांब खुर्चीशेजारीं उभा केला तर खुर्ची वांचते.

येथेंच प्रस्तुत लेखकाचा पुस्तकाशीं मतभेद आहे. शीर्षक मांजर शिकविण्याचें, परंतु उत्तम पृष्ठें घर शिकविण्याचीं! आमच्या आज्यांनीं शिंकें टांगलें, दुभत्याचें कपाट जाळीचें केलें, तें याच शहाणपणानें. शिंकें तुटल्याची म्हण मात्र आम्ही बोक्याच्या नांवावर घातली. दुसरें असें कीं, घासावर भिस्त जरा जास्त आहे. गथ्री आणि हॉर्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९४६ मधील प्रयोग येथें आठवतो. कांचेच्या पेटींतील मांजर दांडीला अंग घासे, दार उघडे, आणि तें बाहेर पडे. ही ठराविक हालचाल म्हणजे शिक्षणाचें फळ, असें त्यांनीं मानलें. १९७९ सालीं मूर आणि स्टटर्ड यांनीं दाखविलें कीं, समोर माणूस दिसला म्हणजे मांजर दांडीला अंग घासतेंच, दार उघडो वा न उघडो. माणूस नसेल तर घासत नाहीं. तें बिचारें पंडितांना नमस्कार करीत होतें, आणि पंडित त्याची प्रगति टिपून घेत होते! घासावांचूनहि माणसाची दखल घेणाऱ्या प्राण्याबद्दल या पुस्तकांत आणखी ऐकावयास आवडलें असतें.

ही चर्चा निव्वळ बुद्धिविलासाची नव्हे. घरांत घाण केली म्हणून मांजराला पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून येण्याची चाल आमच्याकडे सर्वांच्या माहितीची आहे. ती घाण कित्येकदां मूत्राशयाच्या दुखण्यामुळें होते, कित्येकदां मातीची पाटी जेवणाच्या ताटलीशेजारीं ठेवल्यामुळें. आणि 'खोड जात नाहीं' असा निवाडा देऊन त्या जीवाला अनोळखी मुलखांत टाकलें जातें. म्हणून असें पुस्तक मराठींत यावयास हवें, पण भाषांतर नको. मूळ पुस्तक गालिचाच्या आणि बंद दारांच्या घरासाठीं लिहिलेलें आहे. आमच्याकडे दार दिवसभर उघडें, मासळी निवडतात ती मोरीपाशीं, आणि शेजारच्या तीन घरांतहि त्याच मांजराला वेगळें नांव असतें. चार घरांचें मिळून एक मांजर कोणाच्या वळणानें वागावें, हें प्रकरण ब्रॅडशॉ-एलिस यांच्या ग्रंथांत नाहीं. तें येथल्याच कोणीतरी लिहावें लागेल.