‘प्रभात’ : संस्था आणि दिग्दर्शक

चित्रपटाचे कर्तृत्व कोणाचे, दिग्दर्शकाचे की चित्रसंस्थेचे, हा प्रश्न मराठीपुरता तरी ‘प्रभात फिल्म कंपनी’च्या संदर्भातच विचारात घेणे इष्ट ठरते. सेलमच्या ‘मॉडर्न थिएटर्स’मध्ये टी. आर. सुंदरम हे स्वतःच मालक व दिग्दर्शक होते. एलिस डंगन या अमेरिकन दिग्दर्शकासह त्यांनी ‘मंत्रीकुमारी’ (१९५०) सिद्ध केला, तरी अंतिम सत्ता एकाच हाती राहिली. ‘प्रभात’ची घडण याहून मूलतः भिन्न होती.

१९२९ साली कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर व सीताराम कुलकर्णी या पाच भागीदारांनी ही संस्था स्थापन केली. कुलकर्णी वगळता सर्वजण बाबूराव पेंटर यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’त घडले होते. भांडवल पुरविणारा एक आणि कसब जाणणारे चार, अशी ही रचना होय. दामले यांच्याकडे ध्वनी, फत्तेलाल यांच्याकडे कलायोजना व धायबर यांच्याकडे छायाचित्रण असल्यामुळे दिग्दर्शकाला भोवती हुकूम पाळणारे नोकर नव्हे, तर समान अधिकाराचे सहकारी लाभले. ‘अमृतमंथन’ (१९३४) मधील राजगुरूच्या डोळ्याचे ते भव्य निकटदर्शन शांताराम यांच्या कल्पनेइतकेच धायबर यांच्या कॅमेऱ्याचेही ऋणी आहे.

या व्यवस्थेने दिग्दर्शकाचे व्यक्तित्व झाकोळून टाकले काय? दोन संतपटांची तुलना याचे उत्तर देते. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये एकनाथचरित्र अस्पृश्यतानिवारणाच्या प्रतिपादनासाठी योजिले आहे. तेथे वाद अग्रभागी आहे. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये मात्र संसार अग्रभागी आहे. भुकेची पोरे, संतापलेली जिजाई आणि विष्णुपंत पागनीसांचा निर्विकार तुकाराम यांच्या ताणातूनच भक्ती आकार घेते. संस्था तीच, परंपराही तीच; दृष्टी मात्र दोन. किंबहुना शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटले. सहकार्य पूर्णत्वास गेले की निर्मात्याची सही पुसली जाते, याचे याहून बोलके प्रमाण दुर्मिळ. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

तथापि समानतेची ही व्यवस्था टिकाऊ ठरली नाही. ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) व ‘शेजारी’ (१९४१) यांनी शांताराम यांचे नाव संस्थेच्या बरोबरीस आणले. १९४२ साली ते बाहेर पडले व मुंबईत त्यांनी ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. ‘प्रभात’ लगेच निस्तेज झाली असे नव्हे. जहागीरदार, राजा नेने व विश्राम बेडेकर अशा तिघांचे हात लागूनही ‘रामशास्त्री’ (१९४४) एकजिनसी वठला, तो विभागांच्या मुरलेल्या शिस्तीमुळेच. परंतु १९४५ साली दामले निवर्तले आणि १९५३ पर्यंत संस्थेचे दिवे मालवले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शिस्त एखादी कृती तारू शकते; परंपरा तारण्यास मात्र परस्परांना विरोध करण्याचा अधिकार असलेली समर्थ माणसे लागतात. ‘राजकमल’मध्ये शांताराम यांना निर्वेध स्वातंत्र्य मिळाले; परंतु ‘नाही’ म्हणू शकणारा समान भागीदार तेथे उरला नाही. त्यांच्या उत्तरकालीन चित्रपटांतील वाढत्या अलंकरणाचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा. पुण्यातील ‘प्रभात’च्या त्याच वास्तूत १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू झाली. तेथे दिग्दर्शन, छायाचित्रण व ध्वनी हे विषय स्वतंत्र विभागांत शिकविले जातात. ते एकमेकांशी कसे बोलतात, हा धडा मात्र ‘प्रभात’च्या चित्रपटांतच शोधावा लागतो.