प्राथमिक स्तरावरील माँटेसरी साधने : हाताकडून विचाराकडे

प्रस्तावना

‘कृतीतून शिक्षण’ हा शब्दप्रयोग शैक्षणिक चर्चेत सर्रास आढळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही अनुभवाधारित अध्ययनाचा आग्रह धरला आहे. मात्र मुलांचे हात गुंतले म्हणजे शिक्षण घडले, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक ठरते. त्या दृष्टीने माँटेसरी पद्धतीच्या प्राथमिक स्तराचा, म्हणजे वय ६ ते १२ या टप्प्याचा विचार उपयुक्त आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोम येथे सुरू झाले. प्राथमिक शाळेविषयीचा त्यांचा इटालियन ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

साधनांचा क्रम

दशमान पद्धतीसाठी वापरल्या जाणाऱ्या सोनेरी मण्यांत एकक म्हणजे सुटा मणी, दशक म्हणजे दहा मण्यांची कांडी, शतक म्हणजे चौरस आणि हजार म्हणजे घन. येथे संख्येचे मोठेपण हाताला प्रत्यक्ष जाणवते. पुढील ‘स्टॅम्प गेम’मध्ये सर्व चौकोनी तुकडे एकाच आकाराचे असतात, १, १०, १०० आणि १००० यांतील भेद अंक व रंग यांवरूनच ओळखावा लागतो. त्यापुढील मणीचौकटीत मणी कोणत्या तारेवर आहे यावरून त्याची किंमत ठरते. शेवटी उरते ती कागदावरील आकडेमोड. प्रत्येक पायरीवर साधनातील मूर्तता कमी होते आणि मुलाच्या विचाराचा वाटा वाढतो.

त्रिपदी घनाचे उदाहरण याहून बोलके आहे. पूर्वप्राथमिक वर्गातील मूल पेटीतील २७ ठोकळे केवळ रंग व आकार जुळवून रचते. प्राथमिक स्तरावर त्याच पेटीतील ३ घन, १८ चौरस बाजू असलेल्या इष्टिकाचिती आणि ६ काळ्या इष्टिकाचिती (अ + ब + क) च्या घनाचा विस्तार म्हणून समोर येतात. साधन तेच राहते, त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

किलपॅट्रिक यांचा आक्षेप

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये या पद्धतीची चिकित्सा केली. साधने मोजकी आहेत, त्यांचा वापर ठरावीक चाकोरीत होतो आणि कल्पनाशक्तीला पुरेसा वाव मिळत नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. ही टीका १९१६ च्या ग्रंथापूर्वीची आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. वर पाहिलेला क्रम तिला अंशतः उत्तर देतो, कारण येथे साधन सोडून पुढे जाणे हेच साधनाचे प्रयोजन आहे. तरीही आक्षेप पूर्णतः निकालात निघत नाही. जेथे शिक्षक मुलाला एकाच साधनाशी खिळवून ठेवतो, तेथे किलपॅट्रिक आजही खरे ठरतात.

स्थानिक साधनांचा प्रश्न

माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. कोडाईकनाल येथील वास्तव्यात प्राथमिक वयाच्या मुलांसाठीच्या कार्याला विशेष चालना मिळाली. त्यापूर्वीच, १९२६ मध्ये, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता. पुढे १९४५ पासून बोर्डी येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, बिया, पाने यांतून साधने घडविली. हे कार्य मुख्यतः पूर्वप्राथमिक असले, तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न प्राथमिक वर्गालाही लागू आहे : महागड्या संचाविना ही पद्धती टिकते काय?

उत्तर साधनाच्या द्रव्यात नसून रचनेत शोधावे लागते. दहा काड्यांची जुडी सोडता येते. मण्यांची कांडी मात्र दहा सुट्या मण्यांशी बदलून घ्यावी लागते. दोन्हींतून दशकाची कल्पना येते. परंतु मुलाला स्वतःची चूक स्वतःच्या नजरेस यावी आणि पुढची पायरी अधिक अमूर्त असावी, या दोन अटी पाळल्या नाहीत, तर लाकडी साधनही खेळणेच ठरते आणि काड्याही.

समारोप

अध्यापक महाविद्यालयांतील पाठनिरीक्षणात साधनांची संख्या, आकर्षकता आणि मुलांची लगबग यांनाच गुण मिळत असतील, तर कृतीचे रूपांतर प्रदर्शनात होते. याचा तोटा त्या मुलाला होतो, ज्याला मणी मोजता येतात पण हातच्याचा अर्थ सांगता येत नाही. निरीक्षकाने नोंदवावयाची खरी बाब वेगळी आहे : मुलाने साधन कोणत्या क्षणी आपणहून बाजूला ठेवले, आणि त्यानंतर त्याला काय करता आले.