अर्धी ओवलेली मेखला आणि आपल्या स्मरणिका

रामटेकला बोलायला उभं राहिलं की मेघदूत टाळता येत नाही. वा. वि. मिराशींनी रामगिरी म्हणजे हाच गड असं मांडलं, गडावर कालिदासाचं स्मारक झालं, गावात त्याच्या नावाचं संस्कृत विश्वविद्यालय आलं. तरी आज आम्ही मेघदूत थोडं बाजूला ठेवणार आहोत, रामटेककरांनी रागावू नये. आपला विषय आहे कामी आलेल्या सैनिकाची आठवण. ती त्याच्या घरची माणसं आणि मित्र शब्दांत कशी ठेवतात, आणि त्यातलं चांगलं कोणतं, हे आपल्याला बघायचं आहे. इथं मेघदूत अपुरं पडतं. यक्षाच्या शापाला वर्षाची मुदत आहे. त्याची बायको उंबऱ्यावर फुलं मांडून उरलेले दिवस मोजते. ज्या घरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते, त्या घराला मोजायला काय उरतं?

म्हणून त्याच कवीच्या रघुवंशाकडे जाऊ, आठव्या सर्गातल्या अजविलापाकडे. इंदुमती अचानक गेली आहे. अज रडतो आहे. तो राजा आहे, कवी महाकवी आहे. तिच्या थोरवीवर शंभर श्लोक झाले असते. पण अज काय आठवतो बघा. बागेतला आंबा आणि प्रियंगूची वेल यांचं लग्न लावायचं तू ठरवलं होतंस, ते राहिलं. ज्या अशोकाला तू लाथ मारून फुलवणार होतीस, त्याची फुलं तुझ्या केसांत माळायची की तुझ्या तिलांजलीत वाहायची? बकुळीची मेखला आपण दोघं मिळून ओवत होतो, ती अर्धीच आहे. शोकाचं सगळं वजन कवीनं अर्धवट राहिलेल्या किरकोळ कामांवर ठेवलं आहे. ही कामं फक्त इंदुमतीचीच असू शकतात. दुसऱ्या कुठल्या राणीच्या नावावर हा विलाप चढवता येत नाही.

ही आमची कसोटी. नाव झाकून वाचायचं, आणि माणूस ओळखू येतो का ते बघायचं.

आता ती आपल्या स्मरणिकांना लावू. पहिल्या पुण्यतिथीला निघणाऱ्या पुस्तिका, शाळेच्या वार्षिकातले लेख, चौकातले फ्लेक्स, स्मृतिचषकाची पत्रकं, असं बरंच आम्ही वाचलेलं आहे. ‘लहानपणापासूनच देशसेवेची आवड.’ ‘हसतमुख आणि मनमिळाऊ.’ ‘त्याच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली.’ नाव झाका, गावाचं नाव झाका. कोणाचं आहे सांगता येत नाही. यात लिहिणाऱ्याचं दुःख खोटं नसतं, हे आधी कबूल करू. बाप रडत रडत सांगतो, पण लिहून घेणारा गुरुजी वा कार्यकर्ता ते साच्यात ओततो. बाप म्हणतो, ‘त्याला बैलाची लई भीती वाटे.’ छापून येतं, ‘निर्भीड स्वभावाचा.’ उदाहरण आमचंच रचलेलं आहे, पण साचा असाच चालतो.

शब्दांचंही तसंच. ‘शहीद’ आपण सर्रास लिहितो. सैन्यदलांत असा शब्द वापरला जात नाही, असं सरकारनं 2015 साली संसदेत सांगितलं होतं. ‘हुतात्मा’ म्हटलं की आहुती, यज्ञ, सगळं आलंच. ‘धारातीर्थी पडला’ यात तलवारीच्या धारेचं तीर्थ होतं. आम्हाला बखरींतला शब्द आवडतो: ‘कामास आले’. त्यात माणूस एक काम करत होता आणि त्यात गेला, एवढंच आहे. घरातली बाई तर यातला एकही शब्द वापरत नाही. ती म्हणते, ‘तो गेला तवा.’

साचा टोकाला गेला की काय होतं त्याचा पुरावा दगडावर आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं महाराष्ट्रात गावोगावी पाट्या लावल्या. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडा, नावं नाहीत. याच्या उलट कोरेगाव भीमाचा स्तंभ. तोही इंग्रजांनीच उभारला, कंपनीच्या विजयाची खूण म्हणून. पण त्यावर नावं कोरलेली आहेत, आणि त्यांतली कित्येक ‘नाक’नं संपणारी, महार शिपायांची. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले. आज लाखो लोक जातात, आणि त्या नावांपाशी थांबतात. दगड परक्याचा, नावं होती म्हणून तो आपला करता आला. आकड्याच्या पाटीला कोण हार घालतं?

छापील पुस्तकांत याचं एक मोठं उदाहरण अनुराधा गोरे यांचं. त्यांचा मुलगा कॅप्टन विनायक गोरे 1995 साली काश्मीरमध्ये कामी आला. पार्ल्याच्या उड्डाणपुलाला त्याचं नाव आहे. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण या आईनं दुसऱ्यांच्या मुलांबद्दल लिहिलं. ‘वारस होऊ अभिमन्यूचे’ हे पुस्तक महाराष्ट्रातल्या अशा सैनिकांवर आहे. आम्हाला ही कृती फार मोलाची वाटते. असं घर दार उघडतं ते कोणापुढे? बातमीदारापुढे एक बोलणं होतं, आणि तेच सोसलेल्या बाईपुढे वेगळं होतं.

शीर्षकाशी मात्र आमचं थोडं भांडण आहे. अभिमन्यू म्हटला की आपल्याला चक्रव्यूह आठवतो. पण व्यासांनी द्रोणपर्वात सुभद्रेचा आकांतही लिहिला आहे, आणि स्त्रीपर्वात उत्तरा त्याच्या देहावरचं रक्त पुसते, तेही आहे. ‘वारस होऊ’ या शब्दांनी वाचणारा मुलगा उठून उभा राहतो, आणि तोच बाईंचा हेतू आहे. तरुणांनी सैन्यात यावं म्हणूनच त्यांनी लेखणी धरली. हेतू सरळ आहे. पण शोकाचं आवाहन झालं की आईच्या रडण्याला पानावर कमी जागा उरते. कोणीतरी तीही जागा राखायला पाहिजे.

मित्रांबद्दल सांगायचं राहिलं. टेनिस बॉलचा स्मृतिचषक हा आपल्याकडे मित्रांचा आवडता प्रकार. वाईट नाही, पोरं एकत्र येतात. पण फ्लेक्सवर दरवर्षी पुढाऱ्याचा फोटो मोठा होत जातो आणि जवानाचा कोपऱ्यात सरकतो. मित्रांपाशी याहून किमती माल असतो. घरी जाणाऱ्या पत्रात जवान काय लिहितो? पाऊस पडला का, धानाचं काय झालं, बहिणीची फी भरली का. थंडीची आणि भीतीची गोष्ट आईला कोण लिहिणार? ती सुटीवर आल्यावर अंबाळ्याच्या काठी मित्राला सांगितलेली असते. म्हणजे एका माणसाचे दोन अर्धे भाग दोन ठिकाणी पडलेले असतात, आणि स्मरणिकेत बहुधा दोन्ही नसतात.

आता अडचण येते ती इथंच. मित्र म्हणतो, तो दोनदा भरतीत नापास झाला, तिसऱ्यांदा घरी न सांगता पळून गेला, ते लिहा ना. वडील म्हणतात, नको. कोणाचं ऐकायचं? समीक्षक म्हणून आमचं मन मित्राकडे ओढ घेतं. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा गेलेला पोरगा आम्हाला डोळ्यांपुढे दिसतो. ‘लहानपणापासूनच आवड’ असलेला दिसत नाही. पण वडिलांचा नकारही खोटा नाही. पळून गेला म्हणजे घरानं अडवलं होतं, आणि ते अडवणं बरोबर होतं की काय, हा प्रश्न त्या माणसाला रोज रात्री पडत असणार. तो चार लोकांत छापायचा अधिकार आम्हाला नाही.

तर ज्यांच्या गावात असं घर आहे त्यांना आमचं एवढंच सांगणं. वडील नको म्हणतात तोवर छापू नका. पण मित्राकडून ऐकून वहीत उतरवून ठेवा, त्याच्याच बोलीत, सुधारू नका. वर तारीख घाला, सांगणाऱ्याचं नाव घाला. घरात त्याची काळी ट्रंक असेल, पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव लिहिलेली. घरचे हो म्हणाले, तर वही तिच्यात ठेवायला द्या.